वार, रक्त आणि सातवा महिना : बेळगाव–निपाणी भागातल्या एका तपासणीचा इतिहास

आपल्या भागाचा इतिहास लिहायला बसलं की लेखणी आपोआप ठरलेल्या वाटेनं जाते. बेळगावचा किल्ला, कमलबस्ती, निपाणीकर सरकार, तंबाखूच्या वखारी, १९५६ ची राज्यपुनर्रचना आणि त्यानंतरचा सीमाप्रश्न. बाळंतपण हा विषय त्यात येत नाही. तो बायकांचा, म्हणून घरातला, म्हणून इतिहासाबाहेरचा, असं काहीसं आपण धरून चाललेलो असतो. पण गेल्या पंचवीस वर्षांत जगातल्या मोठ्या वैद्यकीय नियतकालिकांत बेळगाव जिल्ह्याचं नाव वारंवार छापून आलं ते किल्ल्यामुळं नाही आणि सीमाप्रश्नामुळंही नाही. ते आलं इथल्या खेड्यांतल्या गरोदर बायकांमुळं. त्याची नोंद आपल्याकडं कुणी केलेली दिसत नाही, म्हणून हा लेख.

सुरुवात एका शब्दापासून करतो. बाळ जन्मल्यावर मागून जी पडते ती वार. संस्कृत ग्रंथांत तिला अपरा म्हणतात, कन्नडात मासु. डॉक्टर प्लासेंटा म्हणतात आणि शिकलेली मंडळीही आता तेच म्हणतात. आपल्याकडं जुन्या घरांत वार पडली का हा प्रश्न बाळ रडलं का याच्या लगोलग विचारला जायचा. वार हळदकुंकू लावून अंगणात पुरायची. तिच्याविषयी एक धाक होता, आणि तो उगीच नव्हता. वार अडकली की रक्त थांबत नाही आणि बाई हातची जाते, हे प्रत्येक सुईणीला माहीत होतं. कन्नड बोलणारी सूलगित्ती असो की मराठी बोलणारी सुईण, दोघींचंही खरं कसब इथंच पणाला लागायचं.

पण वारेचं दुसरं एक दुखणं आहे. ते बाळंतपणाच्या आधी महिनोन् महिने सुरू असतं आणि बाहेरून दिसत नाही. पहिल्या तीन-चार महिन्यांत वार गर्भाशयाच्या भिंतीत रुजते. रुजताना आईच्या बारीक रक्तवाहिन्यांची तोंडं तिनं रुंद करून घ्यायची असतात, म्हणजे पुढं बाळ वाढेल तसं रक्त भरपूर मिळत राहतं. उसाच्या सरीला पाणी द्यायचं तर पाटाचं तोंड आधी मोकळं करावं लागतं, तसंच. काही बायकांत हे तोंड अरुंदच राहतं. वार उपाशी पडते. मग ती आईच्या रक्तात असे काही पदार्थ सोडते की आईच्याच रक्तवाहिन्या बिघडतात. विसाव्या आठवड्यानंतर कधीतरी रक्तदाब चढतो, लघवीतून प्रथिनं जायला लागतात, डोकं दुखतं, डोळ्यांपुढं काजवे येतात. वेळीच लक्ष गेलं नाही तर झटके. डॉक्टरी भाषेत आधीच्या अवस्थेला प्रीएक्लॅम्प्सिया आणि झटक्यांना एक्लॅम्प्सिया. जुन्या लोकांच्या भाषेत आकडी, नाहीतर बाहेरची बाधा. एकच खात्रीचा इलाज असतो, बाळ आणि वार बाहेर काढणं. म्हणून सारा प्रश्न वेळेचा होऊन बसतो. फार लवकर काढलं तर बाळ जगत नाही, फार थांबलं तर आई.

म्हणजे इथं इतिहास आहे तो खुणा ओळखण्याचा. धोका येतोय हे कुणाला, कशावरून आणि किती आधी कळतं, याचा.

सुईणीकडं खुणा होत्या त्या डोळ्यांनी दिसणाऱ्या. पायांवरची सूज, चेहऱ्यावरची सूज, हातातल्या बांगड्या घट्ट होणं. पण सूज पुष्कळ निरोगी गरोदर बायकांनाही येते, त्यामुळं त्या खुणेवर कुणाचा भरवसा बसला नाही. दिवस भरत आले की पाय सुजायचेच, असं म्हणून सोडून द्यायची रीत पडली. निपाणी भागात हे जास्तच, कारण विड्या वळणाऱ्या बाईचा सगळा दिवस मांडीवर सूप घेऊन एका जागी बसण्यात जातो. तिचे पाय संध्याकाळी सुजलेलेच असतात. त्यातली कुठली सूज बसण्याची आणि कुठली वारेची, हे कोण सांगणार?

दवाखाना आपल्याकडं आला तो दोन बाजूंनी, कोल्हापूर संस्थानातून आणि मिशनऱ्यांकडून. आनंदीबाई जोशी १८८६ साली फिलाडेल्फियाहून डॉक्टर होऊन परतल्या, तेव्हा त्यांची नेमणूक कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्री-विभागावर झाली होती. त्यांचा पदवीचा प्रबंध हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावरच होता. पण त्या आजारीच आल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या. निपाणीपासून चाळीसेक किलोमीटरवरची ती खुर्ची तशीच राहिली. पुढं त्याच दवाखान्यात डॉ. कृष्णाबाई केळवकर यांनी काम केलं. मिरजेला डॉ. वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिशनचं इस्पितळ उभं केलं. कोल्हापूर आणि मिरज, अडलेल्या बाळंतपणाच्या गाड्या पिढ्यान् पिढ्या याच दोन दिशांना गेल्या.

या काळात दोन नव्या खुणा वैद्यकाच्या हाती आल्या होत्या. झटके येणाऱ्या बायकांच्या लघवीत प्रथिनं असतात हे लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधल्या जॉन लीव्हर यांनी १८४३ मध्ये दाखवलं. लघवी काचेच्या नळीत तापवायची, ती दुधासारखी गढुळली की समजायचं. स्पिरिटच्या दिव्यावरची ही तपासणी आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत परवापरवापर्यंत चालायची, आता रंग बदलणारी पट्टी आली. दुसरी खूण दंडाला बांधायच्या पट्ट्याची, रिवा-रोची यांनी १८९६ मध्ये तूरिनमध्ये काढलेली. पट्टा आणि पट्टी, आजही खेड्यात या दोनच वस्तूंवर सगळं उभं आहे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. सीमाप्रश्नावर इथं काही लिहीत नाही, त्यावर आपल्याकडं कपाटं भरलीत. पण दवाखान्याच्या अंगानं काय झालं एवढं सांगतो. निपाणीची सरकारी आरोग्यव्यवस्था बेळगावकडं तोंड करून राहिली, म्हणजे पंचाहत्तर किलोमीटरवर. माणसांची पावलं मात्र होती तशीच कोल्हापूरकडं वळत राहिली. बेळगावात १९६३ साली केएलई संस्थेनं जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेज काढलं, आणि आपल्या गोष्टीतला पुढचा भाग तिथं घडतो.

या शतकाच्या सुरुवातीला या कॉलेजातल्या डॉक्टरांनी अमेरिकेतल्या संशोधकांबरोबर एक साधा प्रश्न हाती घेतला. घरी बाळंत होणाऱ्या बाईचं वार पडल्यानंतर किती रक्त जातं, आणि ते एखाद्या गोळीनं कमी करता येईल का? आधी मोजायचं कसं, इथूनच अडचण. तोवर सगळीकडं नजरेच्या अंदाजानं सांगायची पद्धत. म्हणून त्यांनी प्लास्टिकची एक चादर केली. बाळ झाल्यावर ती बाईच्या खाली सरकवायची, पुढं तिला नाकाडासारखी निमुळती पिशवी, आणि पिशवीवर मिलीलिटरच्या रेघा. तिचं नाव ब्रास-व्ही. ही अक्षरं ती बनवणाऱ्यांच्या नावांतून घेतलेली. २००६ मध्ये आलेल्या तुलनेत असं दिसलं की नजरेचा अंदाज या पिशवीच्या मापापेक्षा तब्बल ३३ टक्क्यांनी कमी भरतो. म्हणजे डॉक्टर-नर्स थोडंसंच गेलंय म्हणत होते, तेव्हा अंदाजाच्या दीडपट रक्त गेलेलं असायचं. मला या सगळ्या इतिहासातली ही सर्वांत मोठी गोष्ट वाटते. वस्तू तशी चार आण्याची, पण त्या रेघांनी पहिल्यांदा नर्सबाईच्या हातात पुरावा दिला.

त्याच मापावर गोळीचा प्रयोग झाला. सप्टेंबर २००२ ते डिसेंबर २००५, बेळगाव जिल्ह्यातल्या चार प्राथमिक आरोग्य केंद्रांचा परिसर, १६२० बायका. बाळंतपणं केली ती डॉक्टरांनी नव्हे, सहायक परिचारिकांनी, म्हणजे ज्यांना गावात आपण नर्सबाई म्हणतो त्यांनी. निम्म्यांना मिसोप्रोस्टॉलची गोळी, निम्म्यांना दिसायला तशीच निरुपद्रवी गोळी. जादा रक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आलं, अतितीव्र रक्तस्रावाचं १.२ वरून ०.२ वर. २००६ साली हे ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. लेखकांत डर्मन यांच्याबरोबर कोडकणी, गौडर, बेल्लद, पटेद अशी आपल्या ओळखीची आडनावं आहेत. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं या कामासाठी ही गोळी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली. ऑक्सिटोसिनच्या इंजेक्शनाला थंडावा लागतो, टोचणारा हात लागतो. गोळीला यातलं काही लागत नाही. खेड्यात हाच फरक.

हे झालं अंगाबाहेर पडलेल्या रक्ताचं. अंगातल्या रक्तावरून वारेचं दुखणं आधी ओळखता येईल का, हा शोध याच सुमारास दुसरीकडं चालला होता. १९९१ मध्ये इटलीत मारिया ग्राझिएला पेर्सिको यांच्या गटानं वारेतलं एक प्रथिन शोधलं, पीएलजीएफ. रक्तवाहिन्या वाढवणं, त्यांना धडधाकट ठेवणं हे त्याचं काम. २००३ मध्ये बोस्टनमध्ये डॉ. अनंत करुमांची यांच्या गटानं दाखवलं की उपाशी पडलेली वार एसएफएलटी-१ नावाचं दुसरं प्रथिन भरमसाट सोडते, आणि ते पीएलजीएफला वाटेतच धरून ठेवतं. हे दुसरं प्रथिन उंदरांच्या अंगात वाढवलं तर त्यांचाही रक्तदाब चढला आणि लघवीतून प्रथिनं जायला लागली. करुमांची हे मद्रास मेडिकल कॉलेजचे विद्यार्थी. पुढच्याच वर्षी कळलं की रोग दिसायच्या सुमारे पाच आठवडे आधी हे वाईट प्रथिन रक्तात चढायला लागतं, आणि चांगलं त्याच्याही आधी घटलेलं असतं.

पाच आठवडे! बांगडी घट्ट होण्याच्या खुणेशी ताडून बघा.

२०१६ मध्ये या दोन प्रथिनांच्या गुणोत्तराचा आकडा ठरला, ३८. गुणोत्तर त्याच्या आत असेल तर पुढच्या आठवड्यात प्रीएक्लॅम्प्सिया होणार नाही हे जवळपास ९९ टक्के खात्रीनं सांगता येतं. २०१९ मध्ये इंग्लंडातल्या ११ प्रसूतिकेंद्रांत पीएलजीएफचा निकाल डॉक्टरांना कळवून पाहिला, तेव्हा निदानाला लागणारा वेळ ४.१ दिवसांवरून १.९ दिवसांवर आला. मे २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं अशा तपासणीला परवानगी दिली. मराठी मुलखात या विषयाचं घर पुण्यात आहे. भारती विद्यापीठाच्या संशोधन संस्थेत डॉ. साधना जोशी यांच्या गटानं बायकांना पहिल्या तिमाहीपासून बाळंतपणापर्यंत टप्प्याटप्प्यानं तपासत त्यांच्या रक्तातली ही प्रथिनं मोजली. त्यासाठी भारती आणि गुप्ते या दोन रुग्णालयांतल्या बायकांची नोंद झाली. पुण्याच्याच डॉ. संजय गुप्ते यांनी पुढं या प्रथिनांच्या तपासणीशिवाय जोखमीचे गुण मांडायची ‘जेस्टोसिस’ गुणपद्धती पुढं आणली. वय, पहिलं बाळंतपण, रक्तक्षय, घरातला रक्तदाब असं एकेक बघत जायचं, आणि बेरीज तीन किंवा जास्त झाली की बाई जोखमीची. हे मला आपल्या परिस्थितीशी जास्त जुळणारं वाटतं.

कारण रक्ताची ती तपासणी महागडी. तिला मोठं यंत्र लागतं, नमुना थंड ठेवून पोचवावा लागतो. मोठ्या शहरांतल्या खाजगी प्रयोगशाळेत पैसे मोजले की होते. खडकलाट किंवा बोरगावच्या बाईपर्यंत ती सरकारी वाटेनं आलेली नाही.

बेळगावच्या डॉक्टरांनी या रोगावर जे केलं ते सगळं पट्टा आणि पट्टीच्या पातळीवरचं, आणि ते बारकाईनं बघण्यासारखं आहे. २०१४ ते २०१६ या काळात बेळगाव आणि बागलकोट जिल्ह्यांत क्लिप नावाचा प्रयोग झाला. आशाताईंच्या हातात टॅब्लेट आणि रक्तदाबाचं यंत्र. घरी जाऊन बाईला प्रश्न विचारायचे, दाब मोजायचा, बोटाला चिमटा लावून रक्तातला प्राणवायू बघायचा. मग यंत्र सांगणार धोका किती. गरज पडली तर गावपातळीवरच दाबाची गोळी, झटक्यांसाठी मॅग्नेशियमचं इंजेक्शन, आणि मोठ्या दवाखान्यात रवानगी. पाकिस्तान आणि मोझांबिकमध्येही हेच चाललं होतं. निकाल? आई-बाळाच्या मृत्यूत आणि मोठ्या दुखण्यांत एकंदर फरक पडला नाही. पण ज्या बायकांना आठ किंवा अधिक भेटी मिळाल्या त्यांच्यात वाईट घटना कमी दिसल्या. हा दुसरा भाग जपून वाचायला हवा, ज्यांना भेटी जास्त मिळाल्या त्या बायका मुळातच थोड्या बऱ्या परिस्थितीतल्या असू शकतात. तरीही त्यातून एक गोष्ट हाती लागते. खूण एकदा बघून भागत नाही, त्याच बाईकडं परत परत जावं लागतं.

गोकाकचंही नाव यात आहे. लाल, पिवळा, हिरवा दिवा दाखवणारं रक्तदाबाचं एक यंत्र आफ्रिका, हैती आणि भारतात मिळून दहा ठिकाणी तपासलं गेलं; भारतातलं ठिकाण गोकाक. वाचता न येणाऱ्या माणसालाही दिवा कळतो. आणि त्याच सुमारास अ‍ॅस्पिरिनचा मोठा प्रयोग. सहा देशांतल्या ११,९७६ पहिलटकरणी, त्यात भारतातली दोन ठिकाणं, बेळगाव आणि नागपूर. पहिल्या तिमाहीपासून रोज ८१ मिलिग्रॅमची छोटी गोळी. दिवस भरण्याआधीच्या बाळंतपणांचं प्रमाण १३.१ वरून ११.६ टक्क्यांवर आलं, असं २०२० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलं. म्हणजे जगातली कुठलीही डॉक्टर आज पहिलटकरणीला कमी मात्रेचं अ‍ॅस्पिरिन द्यावं का याचा विचार करते, तेव्हा तिच्यापुढच्या पुराव्यात आपल्या जिल्ह्यातल्या बायका आहेत.

आता निपाणीकडं येतो, कारण माझ्या मते खरी गाठ तिथं आहे.

आपल्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात डोहाळजेवण, ओटी भरणं, आणि मुलगी निघते. निपाणी, चिकोडी, संकेश्वर भागातल्या किती सुना कागल, गडहिंग्लज, आजरा, इचलकरंजीकडच्या आहेत हे सांगायला नको. आणि तिकडं दिलेल्या इकडच्या लेकीही तेवढ्याच. म्हणजे मुलगी दूधगंगा ओलांडते आणि राज्य बदलतं. प्रीएक्लॅम्प्सिया जास्त करून ज्याला होतो ते पहिलं गर्भारपण, आणि तो उघड होतो ते हेच, सातवा ते नववा महिना. रक्ताच्या गुणोत्तराची तपासणीही चोविसाव्या ते सदतिसाव्या आठवड्यांतच कामाची. रीत आणि रोग यांची वेळ अगदी एकावर एक बसलेली आहे.

तिच्या सहा महिन्यांच्या नोंदी कर्नाटकच्या तायी कार्डावर. तायी म्हणजे कन्नडात आई, मराठी कानाला ते ताई कार्डच ऐकू येतं. कार्ड कन्नडात. महाराष्ट्रातल्या नर्सबाईला त्यातले आकडे वाचता येतील, शेरे येणार नाहीत. बऱ्याचदा कार्ड सासरीच कपाटात राहतं. पलीकडं नवी नोंद, नवं कार्ड, नवी आशाताई. समजा दाब १३०/८५ निघाला. व्याख्या १४०/९० ची, तेव्हा ठीकच आहे म्हणून पुढं जातात. पण याच बाईचा चौथ्या महिन्यात १००/६० होता हे कुणी बघितलं असतं तर तिला आठवड्याने परत बोलावलं असतं. झटके बाळंतपणानंतरही येऊ शकतात, आणि सव्वा महिना होईपर्यंत मुलगी माहेरीच असते. २०२१ मध्ये कोगनोळी नाक्यावर आरटीपीसीआरचा दाखला मागत होते तेव्हा ही रेघ सगळ्यांना दिसली. पहिलटकरणीच्या बाबतीत ती एरवीही असते, नुसती दिसत नाही.

उद्या ती रक्ततपासणी स्वस्त होईल, बोटाच्या थेंबावर होईल, तसे प्रयत्न चालूही आहेत. तेव्हा सहाव्या महिन्यात निपाणीत घेतलेला थेंब आणि आठव्या महिन्यात कागलात घेतलेला थेंब एकाच कागदावर यायला हवेत. दोन्हीकडं दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायकांची तपासणी असते, केंद्राचीच योजना. हे जोडणं काही अशक्यातलं नाही. न्यायालयातल्या दाव्याचा निकाल लागेपर्यंत थांबायचीही त्याला गरज नाही.

मंडळाच्या कामापुरती एक विनंती. जुन्या सुईणींचं काम ज्यांनी डोळ्यांनी पाहिलंय अशा बायका आता ऐंशीच्या पुढं आहेत. त्यांच्याशी कुणी बोलून ठेवलं तर बरं. त्याचबरोबर १९५६ च्या अलीकडची-पलीकडची दवाखान्यांची कार्डं, मिरजेच्या किंवा कोल्हापूरच्या इस्पितळाच्या पावत्या, २००२ ते २००५ मधल्या गोळीच्या प्रयोगात काम केलेल्या नर्सबाईंच्या आठवणी. नावं न छापता हे जपता येईल. ती रेघांची प्लास्टिकची चादर कुणाकडं शिल्लक असेल तर तीही द्यावी. तंबाखूच्या तराजूशेजारी मांडू.